अर्जुनाला सांगितलेली नावं

माझ्या दुकानात शिरलेलं माणूस आधी बोलत नाही, आधी श्वास घेतं. वेखंड, नागरमोथा, जटामांसी, सुंठ, बेहडा, सगळ्यांचा मिळून एक वास असतो. त्याला नाव नाही. माझ्या लुगड्यांना तो आहे, उशीला आहे, आणि सुनेच्या म्हणण्याप्रमाणे मी केलेल्या पुरणपोळीलाही आहे. लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हा पहिले काही दिवस या वासाने माझं डोकं दुखायचं. आता दोन दिवस गावाला गेले तर वासावाचून झोप येत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "अक्का, ब्लडप्रेशर आणि हृदयाच्या झाडपाल्याच्या औषधांवर लिहा, लोकांना उपयोग होईल." मी म्हटलं, बाई, औषध सांगायला मी वैद्य नाही. मी काष्ठौषधीवाली. म्हणजे मुळं, साली, बिया, फळं, झाडाचं जे म्हणून वाळवता येतं ते विकणारी. वैद्य कागदावर लिहितो, मी तराजूत टाकते. पण गिऱ्हाईकांबद्दल सांगायला सांगाल तर रात्र पुरायची नाही.

आमच्याकडे प्रेशरची माणसं फार. कारण विचाराल तर खानदेशातल्या कुठल्याही पंगतीत जाऊन बसा. शेवभाजी, ठेचा, पापड, लोणचं आणि वर खारे शेंगदाणे. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला यायचे. त्यांना अशी मुळी हवी होती की पापडही चालू राहावा आणि प्रेशरही उतरावं. मी म्हटलं, गुरुजी, अशी मुळी सापडली तर आधी मीच खाईन, मग तुम्हाला देईन. एका सुनेला सासूच्या रागावर साल हवी होती. मी विचारलं, सासूला प्रेशर आहे का? ती म्हणाली, तिला काही नाही, मला झालंय तिच्यामुळे. तिला मी चहा पाजला आणि डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या. माझं आणि त्यांचं न बोलता ठरलेलं आहे. प्रेशर म्हणून माझ्याकडे आलेला माणूस आधी त्यांच्याकडे जाऊन यंत्र लावून येतो. मग त्याला मी काय द्यायचं ते देते, आणि काय देते ते त्याने त्यांना सांगायचं. कितीदा लोक सर्पगंधेची मुळी मागायला येतात. कुठेतरी वाचलेलं असतं. सर्पगंधा खरंच प्रेशर उतरवते, म्हणूनच मी ती कोणाच्या हातात देत नाही. उतरवते तेव्हा कुठवर उतरवेल हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. वैद्याची चिठ्ठी आणा म्हटलं की तोंड वाकडं करून जातात. जाईना का. आणि सांगून टाकते, मी स्वतः रोज सकाळी प्रेशरची गोळी घेते. जडीबुटीवाली गोळी खाते म्हणून हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं.

मी भरभरून विकली ती एकच वस्तू, अर्जुनाची साल. बाहेरून करडी-पांढरी, गुळगुळीत, आतून गुलाबी. जिभेवर तुकडा ठेवला की तोंड तुरट होऊन आवळून येतं. लबाड लोक तिच्यात ऐनाची साल मिसळतात, ती काळी आणि भेगाळलेली असते, डोळे मिटून हात फिरवला तरी कळते. हृदयाला बळ देणारी म्हणून हिची ख्याती जुनी. घ्यायची रीत सोपी. सालीची भरड, दूध, आणि दुधाहून बरंच जास्त पाणी एकत्र मंद आचेवर ठेवायचं. पाणी आटून दूध तेवढं उरलं की गाळायचं. दूध फिकट तांबूस होतं. त्यात गूळ-वेलची घातली की म्हातारी माणसं लहान मुलांसारखी वाटी चाटतात.

ही साल माझ्याकडे रायसिंगभाऊ आणतो. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. घरात त्याची बोली वेगळी, पण बाजारात आमच्याशी अहिराणी बोलतो. पोतं खांद्यावर घेऊन एसटीतून उतरला की आधी पाणी पितो, मग पोतं उघडतो, आणि मग विचारतो, "नावं सांगा."

ही नावांची भानगड सांगायलाच हवी. त्याच्याकडे झाडाची साल अशी उठून काढत नाहीत. आदल्या संध्याकाळी झाडाखाली हळदीचे तांदूळ ठेवतात आणि झाडाला निवतं, म्हणजे आमंत्रण देतात, उद्या येतो म्हणून. कोणासाठी येतो तेही सांगावं लागतं. नाव घेतल्याशिवाय काढलेली साल म्हणजे चोरी, आणि चोरीची साल लागू पडत नाही. सालही एकाच बाजूची काढायची, वरची वर. चहूबाजूंनी सोलली तर झाड उभ्या उभ्या मरतं. माझ्या सासऱ्यांच्या काळापासून तो गिऱ्हाइकांची नावं घेऊन जातो. मी सांगते, तो मान हलवत ऐकतो. लिहून घेत नाही आणि विसरत नाही.

सुरुवातीला मला हसू यायचं. मग एका दुपारी बाजार निजला होता आणि मी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी घेत होते, तेव्हा मला त्या ओढ्याचं स्वप्न पडलं. मी तो पाहिलेला नव्हता. दोन्ही काठांना गोरी, उंच झाडं, आणि माझ्या दुकानातल्या साली एकेक करून पोत्यातून उठून परत आपापल्या झाडावर जाऊन बसत होत्या. कोणी तरी माझ्या गिऱ्हाइकांची हजेरी घेत होतं आणि झाडं 'आहे, आहे' म्हणत होती. जाग आली तेव्हा समोर एक बाई बडीशेप मागत उभी होती. ते स्वप्न मला पुढे पुष्कळदा पडलं. कधी कधी त्या झाडांमधून आमचे हे चालत यायचे, हातात तराजू घेऊन.

आमचे हे याच गल्ल्यावर गेले. सकाळची वेळ, दुकान नुकतं उघडलेलं, उदबत्ती लावायला उठले आणि सालीच्या पोत्यावर बसले ते बसलेच. औषध चालू होतं, पथ्यही होतं, तरी गेले. डॉक्टरीणबाई धावत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, काही हृदयं अशीच थांबतात. गावात लोक कुजबुजले, अर्जुनाच्या ढिगात बसलेला माणूस हृदयाने गेला, मग साल कसली विकतात. तेरावं झालं आणि मी दुकान उघडून बसले. पण तेव्हापासून कोणी छातीवर हात ठेवून दारात आलं की मला ते पोतंच दिसतं. वरून मी तोंडाळ, आतून अशी.

आता आबांकडे येते. धरणगावच्या बाजूचे आबा. कापसाचे मोठे शेतकरी, घरचं बरं, नातवंडं कॉलेजात. आमच्या ह्यांचे जुने दोस्त. आठवडेबाजारी सकाळच्या गाडीने अमळनेरला यायचे आणि काही घ्यायचं असो नसो, माझ्या दुकानात बसून चहा प्यायचे. हे गेल्यावरही ते येत राहिले. बोलायचे कमी. ह्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसायचे, खुर्चीवर कधीच नाही. आबांना प्रेशर होतं. डॉक्टरीणबाईंची गोळी चालू होती आणि सकाळी माझ्या सालीचं दूध. असं छान चाललं होतं.

मागच्या वर्षी श्रावणात ते आले तेव्हा मला तोंड लाल दिसलं. मान चोळत होते. मी म्हटलं, आबा, गोळी घेता ना? ते हसले आणि म्हणाले, "गोयी सोडी दिनी, अक्का. चातुर्मासना नेम शे."

मला आधी समजेना. मग त्यांनी समजावून सांगितलं, जसं काही मीच अडाणी. आषाढी एकादशीला गावच्या मंदिरात सगळे आपापला नेम बोलतात. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण, कोणी गादीवर निजणं. आबांची पाळी आली आणि त्यांनी देवापुढे हात जोडून प्रेशरची गोळी सोडली, थेट कार्तिकीपर्यंत. एवीतेवी ती जन्मभर घ्यायची म्हणून त्यांच्या मनाला टोचतच होती.

"आणि प्रेशर?" मी विचारलं.

"तुमनी साल शे ना. मना भरोसा शे तिन्हावर."

गिऱ्हाइकाने आपल्या मालावर एवढा भरवसा ठेवला तर दुकानदाराने खूश व्हावं. मला घाम फुटला. मी दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा पट्टा बांधला, आकडा पाहिला, परत बांधला, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या चिडून बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या, आबा, साल जोडीला चालेल, पण ती गोळीची जागा घेणार नाही. डोक्यात रक्तस्राव झाला तर अंगावरून वारं जाईल, नाहीतर जीव जाईल. आबा नम्रपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "देवले सांगी बठनू, ताई. आते मांगे कशी घेऊ."

देवाला दिलेला शब्द मोडला की घरावर येतं, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांच्या वडिलांनी एकदा नेम मोडला आणि त्याच वर्षी बैल दगावला होता. अशा माणसाला तुम्ही विज्ञान सांगून बघा. मी सांगितलं, तुम्ही गोळी घेईपर्यंत माझ्याकडून साल मिळणार नाही. ते म्हणाले, जळगावला मिळते. तिथून ऐन मिसळलेली आणतील हे मला दिसत होतं, म्हणून गुपचूप पुडी बांधून दिली.

मग मला राग आला. मी म्हटलं, ठीक आहे, नेमच करायचा तर मलाही येतो. तुम्ही गोळी घेईपर्यंत मी चहा सोडला. माझा चहा म्हणजे काय ते आमच्या गल्लीला विचारा. मी चहावरच जगते. पुढच्या बाजाराला आबा आले, स्टुलावर बसले, मी चहा मागवला नाही. ते म्हणाले, "तुमी सोडा, मंग मीबी सोडा." झालं, त्यांनीही चहा सोडला. आता दोन म्हातारी माणसं तोंडं पाडून समोरासमोर बसलेली, आणि चहावाला दर बाजाराला दारावरून जाताना दोघांकडे बघून हसतोय. गोळी जागच्या जागी.

त्या दिवसांत रायसिंगभाऊ आला. नावं सांगताना मी आबांच्या नावाशी अडखळले. त्याने विचारलं, गेले का? मी म्हटलं, नाही रे बाबा, आहेत, पण कोणाचं ऐकत नाहीत. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, नाव घेईन मी, झाडाचं काय जातं. त्याचं ते साधं बोलणं ऐकून मला भर दुकानात रडू आलं.

भाद्रपदात एक दिवस आबांच्या पत्नी वत्सलाबाई एकट्याच एसटीने आल्या. कधी गाव न सोडणारी बाई. म्हणाल्या, काल जेवताना ह्यांच्या हातातून भाकरीचा घास गळाला. उचलायला गेले तर बोटं वळेनात. थोड्या वेळाने वळली, पण मला सांगितलं कोणाला बोलू नको. त्या बोलत होत्या आणि मला उदबत्तीचा वास येत होता. ती सकाळ, ते पोतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजच्या आज घेऊन या, हा इशारा आहे, दुसऱ्या वेळी घास परत उचलता येणार नाही. आम्ही दोघी रिक्षा करून त्यांच्या गावाला गेलो.

आबा मंदिरासमोरच्या ओट्यावर बसले होते, चार-पाच माणसांत. रस्त्याने मी काय काय बोलायचं ते जुळवत आले होते, ते सगळं विसरले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हाताने ते त्याची बोटं दाबत होते. मी ओट्याच्या कडेला बसले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "भाऊ, तुम्ही काय सोडलं?"

"वांगं."

"आवडतं का?"

"भरीतमा जीव शे मना," तो म्हणाला.

दुसऱ्याने तंबाखू सोडली होती. आवडते का म्हटल्यावर त्याने नुसतं आकाशाकडे पाहिलं. मग मी आबांकडे वळले. "आणि आबा, तुम्हाला गोळी आवडत होती का?"

"कसानी आवडस. जहर लागस."

"मग नावडती वस्तू सोडून देवाला काय दिलंत? कारलं न खाणाऱ्याने कारलं सोडायचं, आणि देवाने खूश व्हायचं. लहान पोर असं करतं. ह्या माणसाने भरीत सोडलंय, त्याच्या शेजारी बसायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

ओट्यावरची माणसं हसायला लागली. भरीतवाला सगळ्यात मोठ्याने. आबा हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. इतके दिवस मी, डॉक्टरीणबाई, त्यांचा मुलगा, सगळ्यांनी त्यांना मरणाची भीती दाखवली, ती त्यांना नव्हती. देवाशी लबाडी केली, हे मात्र आरपार गेलं.

"तुमचा जीव कशात आहे ते सोडा," मी म्हटलं.

वत्सलाबाई मागे उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. त्याच बोलल्या, "सकायनं दूध."

सकाळचं दूध. ते माझ्या सालीचं दूध. गूळ-वेलची घातलेलं, ते वाटी चाटून पितात ते. आबांनी वर बघितलं. म्हणाले, "अक्का, तुमनं नुकसान व्हई."

"होऊ दे," मी म्हटलं. "माझा माल सोडा आणि माझं गिऱ्हाईक राहू द्या."

ते उठले. मंदिरात गेले, आतून काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "गोयी लई ये." वत्सलाबाईंनी पदराच्या गाठीतून पाकीट काढलं. ती बाई सकाळपासून गोळ्या गाठीला बांधून हिंडत होती. त्याच रिक्षाने आम्ही त्यांना दवाखान्यात आणलं. पुढे काही दिवस त्यांना जळगावला ठेवावं लागलं, गोळ्या वाढल्या, मीठ तुटलं, पण हात परत आला. इस्पितळातून फोन आला त्या संध्याकाळी मी चहा मागवला. दोन घोट घेतले आणि मला पिववेना. अर्धा कप ह्यांच्या खुर्चीपुढे तसाच ठेवला.

कार्तिकी झाली. नेम फिटला. डॉक्टरीणबाईंनी जोडीला दूध चालेल म्हटलं, आणि आबा माझ्या दारात हजर. दुकानात जुनी साल होती, पण त्यांना ती नको होती. रायसिंगभाऊच्या नावांचं मी त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, इतके महिने माझं नाव कोणी झाडाला सांगत होतं, ते झाड मला बघायचंय. मलाही कोणी ढकललं असावं, मीही निघाले. सून म्हणाली, जा, दुकान मी बघते. एसटीने शिरपूर, पुढे काळीपिवळीने फाट्यापर्यंत. तिथे रायसिंगभाऊ उभा होता.

ऊन उतरलं होतं. कापूस वेचून घरी परतणाऱ्या बाया वाटेत भेटत होत्या. ओढ्याला थोडंच पाणी होतं आणि दोन्ही काठांना ती झाडं. स्वप्नात पाहिली होती तितकी ती गोरी नव्हती. बुंध्यांवर एकेका बाजूला जुन्या खुणा होत्या, काही भरून आलेल्या, काही अजून तांबूस. मी एका खुणेवर हात ठेवला. हातावर ओळखीचा तुरट वास राहिला. आयुष्यभर मी या झाडांना तोलत आले आणि ही मला पहिल्यांदा भेटत होती. वारा नव्हता, तरी वर पानं हलत असल्यासारखी वाटत होती. मी जागी आहे की गल्ल्यावर डुलतेय, क्षणभर कळेना.

रायसिंगभाऊने हळदीचे तांदूळ ठेवले आणि हलक्या आवाजात नावं घ्यायला लागला. माझी सगळी गिऱ्हाइकं त्या ओढ्याकाठी येऊन उभी राहिली. पापडवाले गुरुजी आले. आबांचं नाव आलं तेव्हा आबा पुढे सरकले आणि झाडाला म्हणाले, "मी शे." मग खिशातून पाकीट काढलं, संध्याकाळची गोळी तोंडात टाकली आणि बाटलीतलं पाणी प्यायले. रायसिंगभाऊ ते होईपर्यंत थांबला.

त्यानंतर त्याने आणखी एक नाव घेतलं. आमच्या ह्यांचं.

मला वाटलं तो चुकला. मी म्हटलं, "रायसिंगभाऊ, ते गेले की रे. तेव्हा भेटायला आला होतास ना तू दुकानात."

"माले माहीत शे," तो म्हणाला. "पन झाडले मी सांगं नही."

इतकी वर्षं तो दर खेपेला ते नाव इथे घेत होता. लोक कुजबुजत होते तेव्हाही, मी एकटी गल्ल्यावर बसत होते तेव्हाही. मी खाली बसले. आबाही शेजारी टेकले. मग रायसिंगभाऊने उरलेले तांदूळ माझ्या ओंजळीत घातले आणि म्हणाला, आता तुम्ही आला आहात, हे एक तुम्हीच सांगा.

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घ्यावं लागतं तेवढंच, तेही सगळ्यांनी आग्रह केल्यावर. मी तांदूळ बुंध्याशी ठेवले, झाडाला हात लावला आणि उखाण्यावाचून म्हटलं, "वसंत."

झाडाने ऐकून घेतलं. आबा शेजारी होते, मी त्यांच्या उजव्या हाताचा आधार घेऊन उठले.